खाटेची कड

त्या वर्षी तळं आटलं आणि खाटकाकूचे हात गेले.

हात होते जागेवरच, पण कामाचे राहिले नव्हते. एरवी घायपाताची पानं तळ्यात दगडाखाली दाबून ठेवायची, निवांत कुजू द्यायची, मग गर सुटतो आणि आतला पांढरा धागा, म्हणजे वाख, हाती येतो. वास असा सुटतो की पाहुणे वळणावरूनच माघारी फिरतात, पण हातांना काही होत नाही. यंदा तळ्यात चिखलसुद्धा उरला नव्हता. मग हिरवी पानंच दगडावर ठेवून मोगरीनं कुटायची, आणि हिरव्या पानाचा चीक काय असतो हे ज्याचं जळतं त्यालाच कळतं. काकूच्या बोटांच्या बेचक्यांत फोड आले होते, कोपरापर्यंत पुरळ उठलं होतं, आणि खाजवावं तर कातडी निघून यायची.

घरात माणसं तीन. काकू, तिचा लेक आणि सून. लेक दोर वळायचा, सून त्याच्या जोडीला असायची, आणि काकू गावातल्या खाटा विणून, आवळून द्यायची. म्हणून ती खाटकाकू. परगावचा एखादा माणूस हे नाव ऐकून मटण विचारत यायचा, आणि काकू त्याला खाटेवर बसवून, पाणी पाजून परत पाठवायची.

काकूला खाट वाचता यायची. दोर सैल होतो तो माणसाच्या वजनानं, आणि माणूस कसा झोपतो ते दोर विसरत नाही. मधे एकच खोल खड्डा म्हणजे संसार चालू आहे, दिवसा नवराबायको कितीही भांडोत. गवंड्याची खाट पायथ्याशी झोलायची, कारण त्याची बायको तिथं बसून त्याचे पाय दाबायची. शिंपिणीची एकाच बाजूनं सैल व्हायची, नवरा सोडून गेल्याला वर्षं झाली तरी ती आपल्याच जागेवर झोपायची. हे सगळं काकूला कळायचं आणि ती कुणाला काही बोलायची नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ती म्हणायची. खाट खोटं बोलत नाही, असंही ती म्हणायची, आणि गावानं नेमकं तेवढंच लक्षात ठेवलं होतं.

लेकाच्या लग्नात तिनं स्वतः एक रुंद खाट विणली होती, दोघांना ऐसपैस होईल अशी. त्यानंतर ती खाट तिच्या हाताखाली कधी आलीच नाही. दर वर्षी ती विचारायची, आवळायची का, आणि दर वर्षी लेक म्हणायचा, ताठ आहे अजून, राहू दे. काकूला बरंच वाटायचं, आपलं काम पक्कं म्हणून. यंदाच्या उन्हानं त्या खाटेचा एक पाय तडकला. पाय बदलायला लेकानं ती अंगणात आणून छपराखाली टाकली आणि तो सुताराकडे गेला. सून पानं आणायला गेली होती. काकूनं सवयीनं खाटेवरून हात फिरवला, आणि तिचा हात थांबला.

खाटेला दोन खड्डे होते. एक या कडेला, एक त्या कडेला. आणि मधला पट्टा विणल्या दिवशी होता तसा ताठ होता. काकूनं त्यावर बोट मारलं तर टणकन वाजला.

ती तिथंच जमिनीवर बसली. लग्नाला तीन वर्षं झाली होती. घरात मूल नाही, म्हणून तिनं देवाला, हवेला, पाण्याला, सुनेच्या बारीक अंगाला, सगळ्यांना बोल लावून झाले होते. या मधल्या पट्ट्याचा विचार तिच्या मनाला शिवला नव्हता.

त्या दिवसापासून काकूचं सुनेवर लक्ष गेलं. आणि जितकं लक्ष गेलं तितकी शंका वाढली, कारण सून आनंदी होती. मूल नसलेली, नवऱ्यानं जवळ न घेतलेली बाई कशी असते हे काकूनं पाहिलं होतं. ती भांड्यांवर राग काढते, दुसऱ्याच्या पोरांकडे बघत नाही किंवा फार बघते. ही तसलं काही करत नव्हती. दगडावर पानं कुटताना गुणगुणायची. हाताला चीक लागून आग झाली की नवऱ्याला हाक मारायची आणि दोघं एकमेकांच्या हातांवर फुंकर घालत बसायचे. पाणी कुठंतरी मुरत होतं, आणि कुठं मुरतंय ते काकूला शोधायचं होतं.

पहिला संशय गाडीवानावर गेला. तो माळावरून घायपाताची पानं आणून टाकायचा. तरुण होता, शिट्टी वाजवायचा, आणि सून त्याला तांब्या भरून पाणी द्यायची. दुष्काळात तांब्या भरून! काकू छपराच्या खांबाआड उभी राहून बघायला लागली. गाडीवान पाणी प्यायचा, उरलेलं बैलाच्या तोंडावर शिंपडायचा, सुनेला काहीतरी सांगायचा आणि सून हसायची. एकदा काकू कान देऊन अगदी जवळ गेली. तो बैलाला झालेल्या जुलाबाबद्दल सांगत होता.

तरी काकूनं दुसऱ्या दिवसापासून पाणी स्वतः द्यायला सुरुवात केली, तेही अर्धा तांब्या. गाडीवान तिलाही जुलाबाबद्दलच सांगायला लागला.

मग तिला वाटलं, लेकाचंच बाहेर काही असेल आणि सून ते झाकत असेल. वाख धुवायला तो आणि सून डोंगराकडच्या झऱ्यावर जायचे, तिथं बोटाएवढी धार अजून होती. एका दुपारी काकू त्यांच्या मागून गेली. अनवाणी गेली, पावलं वाजू नयेत म्हणून, आणि तापलेल्या मातीनं तळवे भाजून घेतले. झऱ्यापाशी दोघं खांद्याला खांदा लावून बसले होते. लेक सुनेच्या बोटात रुतलेला घायपाताचा काटा सुईनं काढत होता. काटा निघाल्यावर सुनेनं डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं आणि तशीच बसून राहिली. लेकानं तिचा हात हातातून सोडला नाही.

काकू पाय चोळत परत आली. भांडणारी नवराबायको आणि मधे खोल गेलेली खाट तिनं शेकड्यानं पाहिली होती. इतकं प्रेम आणि मधला पट्टा कोरा, हे तिच्या कुठल्याच हिशेबात बसेना. तिला भीती वाटली. सुनेनं लेकाला काहीतरी शिकवलंय, त्याला आपल्या मुठीत ठेवलंय आणि एक दिवस ही निघून जाईल, असं तिच्या मनानं घेतलं.

मन तसं घ्यायला कारणही होतं. काकूच्या सासऱ्यानं घर दोन मुलांत वाटलं होतं, पण दोरवाट सामाईक ठेवली होती. दोरवाट म्हणजे दोन्ही घरांच्या मधली लांब, अरुंद, सरळ जमीन. दोर वळायचा तर एवढी लांबी लागतेच, ती नसली तर चाक असून उपयोग नाही. धाकट्या दिरानं धंदा कधीच सोडला होता, पण यंदा त्याचं शेत पडून होतं आणि दोन वाढते मुलगे रिकामे फिरत होते. त्यानं गावातल्या चार माणसांपुढं विषय काढला, ज्यांच्या घरात पुढं कोणी नाही त्यांना दोरवाट कशाला? चार माणसं म्हणाली, जोडपं तरुण आहे, थोडी वाट बघू. तेव्हापासून धाकटी जाऊ पाणवठ्यावर बायकांना हळूच विचारायला लागली, जोडपं आहे का पण ते?

हे काकूच्या कानावर आलं त्याच सकाळी मोठा दोर वळायचा होता. चाकाच्या तीन आकड्यांना वाखाच्या तीन लडी अडकवल्या. लेक चाकाशी. पार दुसऱ्या टोकाला सून, तिन्ही लडी एका आकड्यात धरून, मागं रेलून. आणि लडींच्या मधे तीन खाचांचा लाकडी ठोकळा घेऊन काकू. चाक फिरतं, लडींना पीळ बसतो, काकू ठोकळा घेऊन सुनेकडून लेकाकडे चालत जाते आणि तिच्या मागं दोर तयार होत जातो. एकदा सुरुवात झाली की कुणालाही जागा सोडता येत नाही. सोडली तर सगळा पीळ उसवतो. काकूनं म्हणूनच ती वेळ निवडली.

सुनेजवळून निघतानाच ती हळू आवाजात म्हणाली, "खाटेला मधे खड्डा नाही."

लडी थरथरल्या. पण तिनं आकडा सोडला नाही.

"ते तुम्ही त्यांना विचारा, आई," ती म्हणाली.

काकू चालायला लागली. चाक कुरकुरत होतं, ठोकळा तापत होता, फुटलेल्या फोडांत वाखाची कुसं जात होती. दिराची भिंत दोरवाटेला लागूनच होती, आणि त्या भिंतीला कान होते. लेकाच्या पुरती जवळ जाईपर्यंत काकू काही बोलली नाही. मग तिनं तेच वाक्य त्याला ऐकवलं.

लेकानं चाक थांबवलं नाही. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"मला ते नको असतं, आई."

"नको म्हणजे?"

"नको म्हणजे नको. लोकांना वाटतं तसं मला कधी वाटलंच नाही. आधी म्हटलं, पुढं वाटेल. नाही वाटलं. त्रास काही नाही त्याचा."

"मग पोरीच्या जातीला कशाला फसवलंस?"

"फसवलं नाही. लग्नाआधीच सांगितलं तिला. म्हटलं, तू नकार दे, दोष मी माझ्यावर घेतो. तर रडायला लागली. मला वाटलं, झालं आता. तर म्हणते, मला वाटायचं मी एकटीच अशी आहे."

काकूनं मागं वळून पाहिलं. लांब टोकाला सून दोराला रेलून उभी होती आणि दोर आखडेल तशी एकेक पाऊल पुढं येत होती. काकूला त्यातलं काहीएक पटलं नाही. दोघांचं इतकं जुळून येतं म्हणजे दोघांनी ठरवून सांगितलेलं. असं कुठं असतं का, असं तिनं विचारलं.

"दोन माणसं आहेत," लेक म्हणाला. "मला तेवढीच माहीत आहेत."

दोर पुरा झाला, गाठ बसली, तसं काकूनं सुनेला जवळ बोलावलं आणि थोडे दिवस माहेरी जाऊन ये म्हणून सांगितलं. थोडे दिवस म्हणजे किती ते कुणी विचारलं नाही, कारण तिघांनाही ठाऊक होतं. लेक म्हणाला, ती गेली तर चाक बंद. काकू म्हणाली, चाकाचं नंतर बघू. ही नजरेआड झाली की लेक ताळ्यावर येईल, असा तिचा हिशेब होता. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तशी ती उभी होती, हातांतून पाणी गळत होतं आणि मान ताठ.

सून एवढंच म्हणाली, "तुम्ही माझी कड घेणार नाही हे मला माहीत होतं. पण घालवून द्याल असं नव्हतं वाटलं."

ती आत जाऊन कपडे बांधायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीवान पानं टाकून रिकामा परतणार होता, त्याच्या गाडीतून ती जाणार होती.

संध्याकाळच्या आत जाऊ आली. भिंतीनं आपलं काम केलं होतं. तिनं आल्या आल्या काकूचे हात हातात घेतले, उलटेपालटे करून पाहिले आणि तोंडानं चकचक केलं.

"अक्का, या हातांनी काय करणार तुम्ही? ती रुंद खाट मीच आवळून देते. उद्या सकाळी येते. गवंडीणबाई पण येते म्हणाली मदतीला."

काकूला सगळं कळलं. दोघी जावा एकाच सासूकडून खाट शिकल्या होत्या. जावेलाही खाट वाचता यायची. आणि गवंडीणबाई साक्षीला. त्या दोघींनी मधल्या पट्ट्यावरून हात फिरवला की दुपारच्या आत चार माणसांना कळलं असतं, आणि खाट खोटं बोलत नाही हे गावाला शिकवणारी बाई आता काय तोंडानं नाही म्हणणार होती? नको म्हणावं तर लपवायला काही आहे असं झालं असतं. काकू म्हणाली, ये की.

सकाळी उजाडताच ती दोर ओढायचा आकडा घेऊन, नवा पाय बसवलेल्या रुंद खाटेपाशी बसली. सुनेशी तिचं पटलं नव्हतं, पण आपलेच दात आणि आपलेच ओठ. जाऊ यायच्या आत खाट आवळून सपाट करून टाकावी, असं तिच्या मनात होतं. पहिला पेड ओढला आणि तिच्या लक्षात आलं, ताजी आवळलेली खाट म्हणजे तर कबुलीच. ती आकडा हातात धरून बसून राहिली. मग, करायला दुसरं काही नव्हतं म्हणून, तिनं सुनेच्या बाजूची कड पाहिली.

कड म्हणजे खाटेचं बाजूचं लाकूड आणि त्यावरून वळसा घेऊन जाणारा दोर. काकूनं त्या दोरावरून बोट फिरवलं. एकदा फिरवलं, परत फिरवलं. दोर गुळगुळीत होता. मग ती पलीकडे जाऊन लेकाच्या बाजूला बसली. तिथंही तसाच.

काकूच्या स्वतःच्या लग्नाच्या खाटेला मधे खोल खड्डा होता. सासू ती खाट आवळताना कौतुकानं हसायची आणि शेजारणींना बोलावून दाखवायची. पण काकूच्या बाजूच्या कडेवर एका जागी दोर कुसं निघून झिजलेला असायचा, हाताच्या मुठीएवढ्या जागेत. नवरा जवळ आला की ती डाव्या हातानं कड धरायची आणि तो बाजूला होईपर्यंत धरून ठेवायची. नवरा वाईट नव्हता. मारणारा नव्हता, पिणारा नव्हता. तिला फक्त ते नको असायचं, आणि नको असं म्हणता येतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. दर पावसाळ्यानंतर तो झिजलेला दोर ती स्वतःच बदलायची. सासूला खाट वाचता येत होती, पण सासूनं त्या जागेबद्दल कधी विचारलं नाही. नवरा गेल्यावर काकूनं ती खाट लोहाराला देऊन टाकली आणि तेव्हापासून ती जमिनीवर निजत होती. लोक म्हणाले, केवढं हे दुःख.

या रुंद खाटेवर तीन वर्षांत कुणी मूठ आवळली नव्हती.

काकूला रडू आलं. पदराला डोळे पुसायला गेली तर हाताचा चीक डोळ्यांत गेला आणि मग खरंखोटं सगळंच पाणी वाहायला लागलं. बाहेर गाडीवानाची शिट्टी ऐकू आली. सून गाठोडं घेऊन दारात उभी होती, तिच्या मागं लेक.

"त्याला म्हणावं जा," काकू म्हणाली. "आणि गाठोडं ठेव खाली. इकडं ये, बस. माझी बोटं चालत नाहीत, मी सांगते तसा दोर ओढ."

सुनेला काही उमगेना, पण ती बसली. काकूनं आयुष्यभर जे काम केलं त्याच्या बरोबर उलटं काम तिला सांगितलं. कडेच्या खड्ड्यांतला ढिलावा एकेक पेड आकड्यानं उचलून आत सरकवायचा. कडा ताठ करायच्या आणि मधला पट्टा सैल सोडायचा. सून ओढत गेली, लेक पायथ्याची दोरी धरून बसला, आणि काकू फुटक्या तळव्यानं मधे दाबून बघत राहिली. अजून. थोडा अजून. इथं जरा खोल, पाठीची जागा आहे ही. सुनेला कळलं तेव्हा तिनं काकूकडे पाहिलं आणि तिला हसू आलं, मग लाज वाटली, मग पुन्हा हसू आलं.

"हसू नकोस," काकू म्हणाली. "संसार करतेय तुझा."

शेवटी मधला भाग मुरावा म्हणून तिनं लेकाला वाटणाचा पाटा त्यावर आणून ठेवायला लावला, वर अंथरूण टाकलं, आणि त्यावरून हिरव्या पानांचा भारा. जाऊ आणि गवंडीणबाई येताना दिसल्या तेव्हा भारा आणि पाटा उतरवून झाला होता आणि काकू कोपऱ्यात हातांना तेल लावत बसली होती.

जावेनं खाटेवर हात ठेवला. आधी मधे, मग कडेला, मग पुन्हा मधे. तिचा चेहरा पडला. गवंडीणबाई तोंडाला पदर लावून खुदखुदायला लागली.

"बरीच सैल झालीय की," जाऊ म्हणाली.

"तरुण माणसं आहेत," काकू म्हणाली. "आपल्यासारखी थोडीच?"

जाऊ अजून घुटमळत होती. तिनं कडेचा दोर चिमटीत धरला, तिथल्या ताठपणावर तिचं बोट रेंगाळलं. पण तेवढ्यात गवंडीणबाई म्हणाली, चला बाई, दुसऱ्याच्या खाटेत किती बघायचं ते. जावेला एकाएकी घरची कामं आठवली. आवळायचं राहूनच गेलं. चार माणसं अजून वर्षभर तरी वाट बघणार होती, त्याच्या पुढचं पुढं. भिंतीपलीकडे जाऊ मुलांवर ओरडत असलेली ऐकू आली.

लेक चाकाकडे गेला. सुनेनं गाठोडं आत नेऊन सोडलं आणि ती आकडा घेऊन परत आली. आता पूर्वीसारखी करून टाकू का, असं तिनं विचारलं. यावर आज निजलो तर दोघंही घरंगळून मधे येऊ.

"करू," काकू म्हणाली. "जरा थांब."

ती खाटेवर बसली. मग पाय वर घेऊन आडवी झाली, बरोबर मधोमध, सगळ्यांनी मिळून पाडलेल्या खोट्या खड्ड्यात. सून पानं कुटायला गेली. दोर पाठीखाली कुरकुरले आणि गप्प झाले. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, आणि अंथरूण तर आज मोठं होतं. काकूनं पाय पसरले, मग दोन्ही हातही पसरले, जातील तिथवर. कुठलीच कड हाताला लागली नाही.